नाताळच्या गाण्यांची नवी कव्हर: कुठली वाजवण्यासारखी, कुठली सोडण्यासारखी

मी भुसावळचा. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, भीमजयंती, हळदी, एखादी साठीशांत आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाताळ, असं आमचं सुपाऱ्यांचं वर्ष. घर लेवा पाटलांचं, देव्हाऱ्यात विठोबा. पण रेल्वे हद्दीतल्या एका चर्चच्या क्वायरबरोबर इतकी वर्षं वाजवतोय की ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक माझ्या बॅगेत कायमचं पडून असतं. क्वायर बसवणाऱ्या टीचर शाळेतून रिटायर झाल्या, पण शिस्त शाळेतलीच. दर नोव्हेंबरला त्यांचा फोन येतो, "भाऊ, यंदा जरा वेगळं काहीतरी करू या." म्हणजे नातवाने त्यांना कुठली तरी लिंक पाठवलेली असते. मग नाताळच्या जुन्या इंग्रजी गाण्यांची नवी नवी कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्या पद्धतीने पुन्हा गायलेली रूपं, ऐकत बसायचं काम माझ्याकडे. त्यातलं काय आमच्या माणसांना पेलेल, काय नुसतं ऐकायला बरं आणि काय ऐकायलाही नको, हे मला ठरवावं लागतं. ती छाननी इथे लिहितोय. ‘नवं’ म्हणजे यंदाचंच असं मी धरलेलं नाही. साठ वर्षांपूर्वीचं कव्हरही ताजं वाटू शकतं, आणि गेल्या वर्षीचं शिळं.

माझी कसोटी आधीच सांगून टाकतो. भर घालणं सोपं आहे. आम्ही ऑर्केस्ट्रावाले रोज तेच करतो: गाणं पडायला लागलं की स्ट्रिंग्ज वाढव, अंतऱ्यानंतर स्केल अर्ध्याने चढव, ऑक्टोपॅडवर एक मोठा कट मार, टाळ्या येतात. कव्हर ऐकताना म्हणून मी यांनी काय काढून टाकलं ते बघतो. काही काढलंच नसेल, वरून नुसतं लावलं असेल, तर ते कव्हर माझ्या यादीत शक्यतो राहत नाही.

‘सायलेंट नाइट’पासून सुरू करतो, कारण बिघडवायला हे सगळ्यात सोपं. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, १८१६ मधले. चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची, १८१८ मधली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फ गावच्या चर्चमध्ये दोघांनी ते गिटारच्या साथीवर गायलं. मोरच्या स्वतःच्या हातची प्रत मिळालेली आहे. ती पांढरी दोनमध्ये (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) आणि सहा मात्रांची आहे. सहा मात्रा म्हणजे आपला सरळ दादरा, बाळाला झोका देण्याइतकाच हलता. आज मात्र जो तो हे गाणं इतकं ताणून गातो की दादरा कुठे सुरू झाला आणि सम कधी येऊन गेली याचा पत्ता लागत नाही. शिवाय गाण्याचा आवाका मोठा, मध्य सा ते तार म. वर तार मध्यमाला क्वायरमधल्या बायकांचे आवाज फाटतात, म्हणून टीचर काळी पाचवर गायचा हट्ट धरतात, आणि मग खालच्या सा ला पुरुष नुसते ओठ हलवतात. हे दुखणं जगभर असणार.

या गाण्याची बहुतेक कव्हर ऐकली तर एकच नकाशा दिसतो. सुरुवातीला नुसता पियानो, दुसऱ्या कडव्याला व्हायोलिनांचा ताफा, तिसऱ्याला काळी पाचवरून पांढरी सातवर उडी, आणि शेवटच्या ओळीत गायक आपल्या गळ्यातल्या सगळ्या हरकती एकाच शब्दावर खर्चून मोकळा. बाळ झोपलंय असं गाणं सांगतंय, आणि गाणारा मोहल्ला उठवतोय.

मला त्यातलं पटलेलं कव्हर १९६६ चं आहे, सायमन आणि गारफंकल या अमेरिकी गायकजोडीचं. दोन आवाज, पियानोची साधी लड, आणि मागून एक निवेदक संध्याकाळी सातच्या बातम्या वाचतोय. नागरी हक्कांच्या विधेयकावरची भांडणं, व्हिएतनाम, खुनाचा खटला. बातम्यांचा आवाज हळूहळू चढत जातो, गाणं आपल्या जागी तसंच. गाण्याच्या एका सुराला त्यांनी हात लावलेला नाही. वर बातम्या घातल्या हे खरं, पण गायकाने स्वतःला पूर्ण मागे ओढून घेतलंय. मी टीचरना म्हटलं, आपण हे मराठीत करू, मागे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांच्या थाटात कोणी तरी वाचेल: कापसाचा भाव, हतनूरच्या पाण्याचं आवर्तन, अपघात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "उपासनेत बातम्या नकोत, भाऊ." विषय संपला. पण तुम्ही घरी ऐका.

पेंटाटॉनिक्स या पाच गायकांच्या गटाचं ‘सायलेंट नाइट’ही आहे, २०१४ च्या त्यांच्या नाताळच्या अल्बमवर. स्वच्छ आहे, सुरेल आहे, आणि माझ्या लक्षात काही राहत नाही. या पाच जणांचं खरं काम दुसऱ्या गाण्यात दिसतं.

ते म्हणजे ‘लिटल ड्रमर बॉय’. कॅथरीन केनिकट डेव्हिस या बाईंनी १९४१ मध्ये ‘कॅरोल ऑफ द ड्रम’ म्हणून लिहिलं, आणि १९५८ मध्ये हॅरी सिमोन कोरालच्या रेकॉर्डने ते घरोघरी गेलं. गोष्ट सोपी: बाळाला द्यायला पोराकडे काही नाही, म्हणून तो ढोल वाजवून दाखवतो. आमचा ऑक्टोपॅडवाला बापू साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा. त्याला इंग्रजी कळत नाही, पण ही गोष्ट सांगितल्यापासून हे गाणं तो स्वतःचंच समजतो. त्यातलं ते पा-रम-पम-पम-पम म्हणजे बोलच की. पेंटाटॉनिक्सने २०१३ मध्ये हे गाणं एकही वाद्य न घेता केलं. ढोल म्हणजे एका माणसाचं तोंड. बापूला मोबाइलवर लावून दिलं तर तो उडालाच: "हाऊ तं तोंडघाई ढोल वाजाडी राहिना!" मग पूर्ण गाणं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "भारी शे. पन आपला धंदा बसाडी हाऊ."

बापूचं मत रास्त आहे. वाद्यं काढून टाकली तेव्हा ठेका उघडा पडला, आणि ठेक्यावर हे गाणं उभं आहे हे दिसलं. एक तक्रार आहे. उत्तरार्धात ते फार भरतात, पाचही आवाज एकदम वर, आणि तो गरीब पोरगा कुठच्या कुठे जातो. स्टेजसाठी ठीक. आम्ही गेल्या वर्षी याच्यावरून नवापूरकडच्या एका गावात केलं, तिथे मावची समाजातली पोरं ढोलावर होती. मी कीबोर्डवर दोन सूर धरून गप्प बसलो, कारण ढोलापुढे मला करण्यासारखं काही नव्हतंच. इतकं हलकं काम आणि इतकी दाद मला एरवी मिळत नाही.

याच गाण्याचं माझ्या सगळ्यात आवडीचं कव्हर मात्र ‘लो’ नावाच्या बँडचं आहे. बँडमधले मुख्य दोघं नवरा-बायको, ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावचे. १९९९ च्या त्यांच्या ‘ख्रिसमस’ या छोट्या रेकॉर्डवर हे गाणं आहे. सुरू झालं की मागे एकच सूर लागतो, जाडसर, थोडा खरखरीत, आणि तो हटत नाही. आपण तानपुऱ्यावर वाढलेली माणसं. त्यामुळे इंग्रजी गाण्यात असा आधार मिळाला की कान आपोआप स्थिरावतात. त्या सुरावर दोघं एकत्र, बिनघाईचे, एकमेकांच्या अंगावर न जाता गातात. ढोलाचं गाणं आणि ढोलाचा दणदणाट कुठेच नाही. हरकत नाही, मुरकी नाही. ऐकताना वाटतं की पोराने ढोल आता खांद्यावरून उतरवलाय आणि तो नुसता उभा आहे. मिमी पार्कर २०२२ मध्ये गेल्या. त्या उभ्याने, अगदी थोड्या ड्रमवर वाजवायच्या. एवढ्या कमी सामानात काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. आमच्या गाडीत नुसते स्टँड चढवायलाच दोन माणसं लागतात.

याच गाण्यावर आणखी एक किस्सा. १९७७ च्या सप्टेंबरात बिंग क्रॉस्बी या म्हाताऱ्या अमेरिकी गायकाच्या टीव्ही कार्यक्रमासाठी डेव्हिड बोवी या तरुण इंग्लिश रॉक गायकाला बोलावलं. बोवीला हे गाणं आवडत नव्हतं, तो म्हणाला मी हे गाणार नाही. मग तिथल्या लोकांनी तासाभरात त्याच्यासाठी दुसरी चाल आणि दुसरे शब्द लिहिले. म्हाताऱ्याने मूळ गाणं गायचं, तरुणाने वरून दुसरं. क्रॉस्बी पुढच्याच महिन्यात वारले, आणि कार्यक्रम त्यांच्यामागे दाखवला गेला. दोन माणसं एकमेकांना जागा करून देतात ते या रेकॉर्डमध्ये कानांनी कळतं. आमच्याकडे ड्युएटला दोन गायक उभे केले की एक माइक खेचायला लागतो, म्हणून मी हे सगळ्या नव्या पोरांना ऐकवतो.

आता ‘व्हाइट ख्रिसमस’. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

अर्व्हिंग बर्लिन या अमेरिकी गीतकार-संगीतकाराचं गाणं, क्रॉस्बींनी १९४२ मध्ये म्हटलं. गिनीजच्या नोंदीप्रमाणे त्या रेकॉर्डच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. इतक्या प्रती काढल्या की मूळ मास्टर झिजला आणि १९४७ मध्ये त्याच वाद्यवृंदाला बोलावून क्रॉस्बींना तेच गाणं तसंच्या तसं पुन्हा म्हणावं लागलं. आज आपण बहुतेक वेळा ते दुसरंच ऐकतो. म्हणजे या गाण्याचं पहिलं गाजलेलं कव्हर खुद्द मूळ गायकाचंच म्हणायचं.

बर्लिन यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार जवळची आहे. त्यांना नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ते पियानोवर एकाच स्केलमध्ये वाजवायचे, काळी तीनमध्ये, काळ्या पट्ट्यांवर. दुसऱ्या स्केलमध्ये हवं असेल तर त्यांच्या खास पियानोला एक दांडा होता, तो सरकवला की झालं. जळगाव जिल्ह्यातले अर्धे कीबोर्डवाले हेच करतात. सगळी गाणी पांढरी एकमध्ये आणि बाकी ट्रान्सपोजचं बटण. नोटेशनवाले आम्हाला हसतात. त्यांना बर्लिन यांचं नाव सांगावं.

बर्फाचं आणि खानदेशाचं काय नातं? मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि डिसेंबरात धुळ्याकडे कडाका पडला तरी शेकोटीपलीकडे काही नाही. पण चर्चमधल्या गव्हाणीच्या छपरावर आणि झाडाच्या फांद्यांवर जो बर्फ असतो तो कापूस असतो, आणि तो काही मेडिकलमधून आणलेला नसतो. क्वायरमधल्या एकाचं शेत आहे, तो वेचणीतला कापूस पिशवीत भरून आणतो, सरकीसकट. बायका बसून सरकी काढतात, बोंडाचा काडीकचरा निवडतात, मग हाताने पिंजून पातळ करून फांदीवर पसरतात. जवळून बघितलं तर त्यात कुठे कुठे वाळक्या पानाचा तपकिरी चुरा अडकलेला दिसतो. लांबून, पिवळ्या बल्बखाली, चांगला बर्फ दिसतो.

आणि गंमत अशी की हे गाणं मुळात बर्फात बसून लिहिलेल्या माणसाचं नाहीच. बर्लिन यांनी त्याला आधी एक प्रस्तावनेचं कडवं लिहिलं होतं: गाणारा कॅलिफोर्नियात आहे, ऊन पडलंय, ताडाची झाडं डोलतायत, डिसेंबरची चोवीस तारीख आहे आणि त्याला उत्तरेची आठवण येते. क्रॉस्बींच्या रेकॉर्डवर ते कडवं नाही, पुढेही बहुतेकांनी गाळलं. ज्या माणसाच्या अंगणात बर्फ नाही त्याचं हे गाणं आहे, हे त्या चार ओळी गेल्या की कळतच नाही.

म्हणून माझी निवड गायिका डार्लीन लव्ह. १९६३ मध्ये फिल स्पेक्टर या निर्मात्याने नाताळच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. तो नेमका २२ नोव्हेंबरला बाजारात आला आणि त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली, मग कोणाला नाताळची गाणी सुचतात! त्या अल्बमवर डार्लीन लव्ह ‘व्हाइट ख्रिसमस’ गातात आणि मध्ये ते गाळलेलं कडवं बोलून दाखवतात. वाद्यांची गर्दी आहे, स्पेक्टरची रीतच ती, भिंत उभी केल्यासारखी. माझ्या कसोटीला हे कव्हर पहिल्याच फेरीत बाद व्हायला हवं होतं. पण त्या बोललेल्या ओळींमुळे गाणं एकदम जिथलं तिथे बसतं. भुसावळला गाण्यासारखं ‘व्हाइट ख्रिसमस’ हेच. टीचरना हे लगेच पटलं. यंदा तेवढं कडवं मराठीतून एक मुलगी बोलणार आहे.

ड्रिफ्टर्सचं १९५४ चं कव्हरही ऐका. आधी खर्जातला आवाज, मग एकदम पातळ, उंच आवाज, दोघंही खेळकर. एल्विसने १९५७ मध्ये त्यांच्याच धर्तीवर म्हटलं, तर बर्लिन इतके भडकले की रेडिओवर ते लावू नका म्हणून त्यांनी खटपट केली. ओटिस रेडिंगचं कव्हर तो विमान अपघातात गेल्यानंतर, १९६८ मध्ये आलं. तो शब्द असे ओढतो की गाणं नाताळचं आहे हेच विसरायला होतं, उरतं ते घरापासून लांब असलेल्या माणसाचं गाणं. गाड्यांवर ड्युटी करणाऱ्या रेल्वेवाल्यांना ते लागतं, हे मी पाहिलंय.

मायकल बुब्ले यांच्याबद्दल थोडक्यात. २०११ चा त्यांचा ‘ख्रिसमस’ अल्बम दर डिसेंबरला परत वर येतो, सराफ बाजारापासून मॉलपर्यंत तोच वाजतो. आवाज लोण्यासारखा, वाद्यवृंद चोख. दुकानात लावायला उत्तम, गिऱ्हाईक दागिना बघत राहतं. बसून ऐकायला गेलं तर कुठे थांबावं असं काही नाही.

‘जिंगल बेल्स’ मी कव्हरमध्ये धरत नाही. कीबोर्डच्या क्लासला पहिल्या आठवड्यात ग-ग-ग, ग-ग-ग, ग-प-सा-रे-ग शिकवतात, तेव्हापासून त्याची वाट लागलेली असते. त्यात हल्ली लायटिंगच्या स्वस्त माळांत एक चिप असते, ती बेसूर ‘जिंगल बेल्स’ रात्रभर किरकिरते. आमच्या गल्लीत एकाने ती माळ दिवाळीलाच लावली होती. एवढंच सांगतो की जेम्स पिअरपाँटने १८५७ मध्ये हे छापलं तेव्हा नाव वेगळं होतं, धृपदाची चालही आजची नव्हती, आणि गाण्यात नाताळचा उल्लेख नाही. आपण जे वाजवतो ते लोकांनीच बदलत आणलेलं आहे.

लोकांनी बदलण्यावरून ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ आठवलं. युक्रेनच्या मिकोला लिओंतोविच यांनी तिथल्या एका जुन्या नववर्षाच्या गाण्यावर क्वायरसाठी रचना केली, ती १९१६ मध्ये कीव्हला गायली गेली. मूळ गाण्यात घंटाही नाहीत आणि नाताळही नाही. एक पाकोळी घरधन्याला सांगायला येते की तुझ्या गोठ्यात बघ, पिल्लं झालीत. लिओंतोविच यांना १९२१ च्या जानेवारीत गोळी घालून मारलं. इंग्रजी शब्द आणि घंटा १९३६ मध्ये आल्या. मुख्य चाल फक्त तीन सुरांत आहे: कोमल ग, रे, कोमल ग, सा, तीन मात्रांत, पुन्हा पुन्हा. तीन सुरांचं गाणं बिघडवायला खरंतर काही वावच नाही. तरी ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राने त्याच्यावर इलेक्ट्रिक गिटारी आणि ड्रम घालून जे केलंय ते आमच्या मिरवणुकीतल्या डीजेवाल्यांना फार आवडेल, आणि खरं सांगायचं तर रात्री अकराला, लोक पेंगायला लागले की, मलाही आवडतं. लिंडसी स्टर्लिंगचं २०१७ चं व्हायोलिन ठीक. हात सफाईदार, पण नाच जास्त. पेंटाटॉनिक्सचं २०१२ चं पहिल्या नंबरावर. कारण तेच, गळे सोडून सगळं बाहेर ठेवलं.

‘लास्ट ख्रिसमस’ तरुण पोरांना हवंच असतं, रीलसाठी. १९८४ मध्ये जॉर्ज मायकलने ते एकट्याने केलं. ड्रम मशीन आणि रोलँड कंपनीचा एक सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वाजवणाराही तोच. त्या सिंथचा गुबगुबीत आवाज हेच अर्धं गाणं आहे, हे कीबोर्डवाल्याला पहिल्या चार मापांत कळतं. इंग्लंडात ते पहिल्या नंबरावर पोचलं २०२१ च्या जानेवारीत, छत्तीस वर्षांनी. जॉर्ज मायकल तोवर नव्हता, तो २०१६ च्या २५ डिसेंबरलाच गेला. कव्हर ढिगाने. टेलर स्विफ्ट, आरियाना ग्रांडे, बॅकस्ट्रीट बॉइज, सगळ्यांनी म्हटलंय आणि बहुतेकांनी तो सिंथ तसाच ठेवलाय किंवा त्याच्यावर आणखी चार थर चढवलेत. मला ल्युसी डेकसचं आवडतं. ती सिंथ फेकून देते, खरखरीत गिटार घेते आणि जरा पळवतेच. मूळ गाण्यात पोरगा उसासे टाकतो, हिच्यात राग आहे. प्रेमभंगाला एक वर्ष झाल्यावर राग येतो, हे बरोबरच वाटतं.

बोनी एमचं ‘मेरीज बॉय चाइल्ड’ हे कव्हर आहे हे सांगितलं की भुसावळचे जुने रेल्वेवाले अंकल माझ्याशी भांडतात. त्यांच्याकडे कॅसेट आहे, तेव्हा तेच मूळ. पण हे गाणं जेस्टर हेअरस्टन यांचं, आणि हॅरी बेलाफोंटे यांनी १९५७ मध्येच ते इंग्लंडात पहिल्या नंबरावर नेलं होतं. बोनी एमचं १९७८ चं. बेलाफोंटे ऐकले की कळतं, गाणं किती शांत आहे. बोनी एम ऐकलं की पाय हलतो. इथे मी निकाल देत नाही, मला त्या अंकलांच्या घरी अजून करंज्या खायला जायचंय.

शेवटची दोन, वेगळ्या कारणासाठी. बॉब डिलन यांनी २००९ मध्ये ‘ख्रिसमस इन द हार्ट’ काढला, त्याची रॉयल्टी भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली. आवाज तोपर्यंत असा झाला होता की थंडीत पहाटे डिझेलचा मोटरपंप हँडल मारून सुरू करावा. त्या आवाजाने ते अगदी सरळ, भक्तिभावाने जुनी कॅरोल म्हणतात, मागे गोड कोरस. पहिल्यांदा हसू येतं. ‘मस्ट बी सांता’ला मात्र ॲकॉर्डियन धरून असा पोल्का उडवलाय की आमच्या बँडवाल्यांनी उचलावा. पेटी, साइड ड्रम, एक ट्रम्पेट, पुरे. लग्नातही खपेल, कोणाला कळणार नाही.

आणि नोरा जोन्स, २०२१ चा ‘आय ड्रीम ऑफ ख्रिसमस’. पंडित रविशंकरांची मुलगी म्हणून आमच्याकडे लोक ऐकायला तयार होतात, एरवी झाले नसते. त्यातलं ‘ख्रिसमस डोन्ट बी लेट’ ऐका. मूळ गाणं १९५८ चं, टेपचा वेग वाढवून खारींचे चिरके आवाज काढलेलं, पोरांना खिदळवणारं. नोराबाईंनी वेग काढला, चिरकेपणा काढला, गंमत काढली. राहिली तीन मात्रांची एक आळसावलेली चाल आणि नाताळची वाट बघणारं कोणीतरी मोठं माणूस. इतक्या फालतू गाण्यात इतकी चांगली चाल होती हे मला या कव्हरमुळे कळलं. टीचरनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे मी म्हणते." आजवर त्या सोलो कधी गायल्या नव्हत्या. पांढरी चार त्यांना बरोबर बसते.

ज्यांना घरी ऐकायचंय त्यांनी ‘लो’चं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यातला खालचा सूर तिथे येतच नाही, आणि मग लोक मला विचारतात, यात एवढं काय आहे. इअरफोन लावा, नाहीतर बेस बरा असलेला स्पीकर कोणाकडून मागून आणा. सायमन-गारफंकलच्या बातम्या मात्र जुन्या खरखरणाऱ्या रेडिओवरही चालतील, उलट बऱ्याच वाटतील.